जगात जर्मनी, भारतात परभणी: बर्फाचे टायर बारा महिने चालवावेत का?

गंगथडी

नमस्कार मंडळी. चार दिवसांत ठरवायचं आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

घरची डिझायर आहे. टायर कंपनीतून आलेलेच होते, त्यातले पुढचे दोन आता संपले. खाचांमधल्या आडव्या पट्ट्या वरच्या रबराच्या बरोबरीला आल्यात. मागचे दोन अजून बरे आहेत. फिरणं म्हणाल तर परभणी ते नांदेड, परभणी ते संभाजीनगर आणि सेलूकडं शेत आहे तिथं. शेताकडचा शेवटचा तुकडा निव्वळ काळ्या रानातला. जूननंतर तिथं गाडी घातली की चाक जागेवर फिरतं आणि गाडी तिरकी होऊन बांधाकडं सरकते.

गावातल्या एका जुन्या टायरवाल्याकडं १८५/६५ आर १५ मापाचा चार टायरांचा सेट आलाय. बाहेरदेशचा माल. बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चिन्ह, शेजारी एम+एस. खाचा खोल दिसतात आणि प्रत्येक ठोकळ्यावर पातळ नागमोडी चिरा आहेत. रबर इतकं मऊ की नख दाबलं तर रुततं. चारही बसवून ९ हजार म्हणतो. नवे घेतले तर २२ हजारांच्या खाली येत नाहीत.

दुकानदार म्हणतो, "साहेब, जे बर्फावर घसरत नाहीत ते चिखलावर काय घसरणार?" शेजारचे काका म्हणतात, मऊ रबर म्हणजे पकड जास्त, ब्रेक चांगला लागणार. ऐकायला दोन्ही पटतं. पण मे महिन्यात आपल्याकडं ४३-४४ होतं तेव्हा या रबराचं काय? बारा महिने हेच ठेवले तर चालतील का? पैसे वाचले तर हवेच आहेत, पण त्यासाठी घरच्यांना घेऊन हायवेवर जुगार खेळायचा नाही.

मोंढानाका

जगात जर्मनी, भारतात परभणी हे आजवर नुसतं म्हणत होतो. तुम्ही तर जर्मनीचे टायर घालून दोन्हीचा सांधाच जोडायला निघालात! जाणकारांची वाट बघतो. माझ्या माहितीप्रमाणे परभणीत बर्फ फक्त रसवंतीवर मिळतो.

बालाघाटी

मोंढानाकादादा, हसू नका. परभणीची थंडी तुम्हाला माहीत नाही वाटतं. डिसेंबर २०१८ मध्ये कृषी विद्यापीठात पारा ३ अंशांवर आला होता. सकाळी सहाला शेकोटी सोडून कुणी हलत नव्हतं.

बाकी प्रश्न चांगला आहे. आमच्या बीडमध्येही असले डोंगर-चांदणीवाले टायर जुन्या बाजारात दिसायला लागलेत. घेणारा म्हणतो इम्पोर्टेड, विकणारा म्हणतो इम्पोर्टेड, आणि त्या चिन्हाचा अर्थ दोघांनाही ठाऊक नसतो.

नेकरकाठी

मूळ नांदेडचा, सध्या श्टुटगार्टला असतो. हा आमचा दर ऑक्टोबरचा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ते तीन शिखरांचं चिन्ह म्हणजे टायर बर्फावरच्या ठरलेल्या चाचणीत पास झालेला आहे. नुसतं एम+एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर त्याला तेवढी किंमत नाही, ते कंपनी स्वतःच लिहिते, त्यामागं सक्तीची चाचणी नसते. म्हणूनच जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून बर्फाळ रस्त्यावर डोंगर-चांदणी असलेलाच टायर लागतो, एकट्या एम+एसवर भागत नाही. इथं 'ऑक्टोबर ते ईस्टर' असा साधा हिशोब असतो: ऑक्टोबरात थंडीचे चढवायचे, ईस्टरला उन्हाळी. न वापरातला सेट ठेवायला जागा नसेल तर टायरवालाच भाडं घेऊन सांभाळतो.

आता रबराचं. साधारण ७ अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर ताठ व्हायला लागतं आणि रस्त्याच्या खडबडीत बसत नाही. थंडीच्या टायरचं मिश्रण मुद्दाम असं केलेलं असतं की शून्याखालीही ते लवचिक राहावं. गुळासारखं समजा: थंडीत ढेप फोडायला बत्ता लागतो, मे महिन्यात तीच बोटाला चिकटते. या टायरवाल्यांनी थंडीतही बत्ता लागणार नाही असा गूळ केलाय. मग तो तुमच्या उन्हाळ्यात काय होईल याचा विचार करा.

काकांचं 'मऊ म्हणजे पकड' हे गणित थंडीपुरतं खरं. गरम रस्त्यावर ब्रेक दाबला की टायरचे ठोकळे रस्त्याला घट्ट धरण्याऐवजी मुळातून वाकतात. त्यात त्या बारीक चिरांमुळं प्रत्येक ठोकळ्याच्या पातळ चकत्या झालेल्या असतात, त्या आणखी लवतात. त्यामुळं स्टीअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर उशिरा वळते आणि थांबायला जास्त अंतर लागतं. एडीएसी ही इथली वाहनचालकांची मोठी संघटना, ती टायरच्या चाचण्या घेते. त्यांत दिसतं की १०० च्या वेगावरून ब्रेक दाबला तर उन्हाळ्यात थंडीचा टायर दोन-तीन गाड्यांच्या लांबीइतका पुढं जाऊन थांबतो. आणि हा इथला उन्हाळा आहे, जिथं ३५ अंश झाले की लोक हाय खातात.

तरीही इथंही कंजूष लोक आहेत! थंडीच्या टायरची खाच ४ मिमीच्या खाली गेली की बर्फात त्याचा उपयोग संपतो (कायद्याची मर्यादा १.६ मिमीच आहे, पण जाणकार ४ सांगतात). मग काहीजण तेच टायर उन्हाळ्यात घासून संपवतात. जर्मनीत हे बेकायदा नाही. इटलीत मात्र, गाडीच्या कागदांवर लिहिलंय त्यापेक्षा कमी वेगाच्या अक्षराचे एम+एस टायर उन्हाळ्यात चालत नाहीत. माझा अंदाज सांगू का? तुमच्या दुकानातला माल असाच कुणीतरी इकडं काढून टाकलेला असणार. आम्ही टाकून दिलेला टायर तुम्ही पैसे देऊन घेताय.

बालाघाटी

नेकरकाठी, उत्तम. पण मग माझ्या ३ अंशांचं काय?

नेकरकाठी

ते ३ अंश पहाटेचे. दुपारी तिथंच २५-२६ झालेले असतात. इथं जानेवारीत आठवडेच्या आठवडे दुपारीसुद्धा पारा ७ च्या वर येत नाही, तेव्हा या टायरला अर्थ आहे. दोन पहाटेंसाठी वर्षभराची पकड घालवू नका. शिवाय कोरड्या रस्त्यावर ३ अंशांना साधा टायरही चालून जातो, फक्त जरा बेतानं हाकायची.

शिवारफेरी

मी हिंगोली जिल्ह्यातला. तुमचं सगळं पुस्तकी वाटलं म्हणून लिहितो. माझ्या जुन्या जीपला असलेच डोंगराचे टायर दोन-तीन वर्षं झाली हायेत. फुटले नाहीत, काही नाही. रानात जातो, दूध घालतो, बाजार करतो. झिजतात लई लवकर, हे खरं. पण ज्या भावात मिळाले त्या भावात झिजले तरी कुणाला दुःख? गरिबाला बावीस हजाराचे टायर सांगणं सोपं असतं.

रबरवाला

वाळूजला टायरच्या कारखान्यात क्वालिटीत बरीच वर्षं काढली. थोडं दोन्ही बाजूंनी बोलतो.

शिवारफेरीदादांचं खोटं नाही. ४० च्या वेगानं रान ते गाव करणाऱ्या जीपला कुठलाही धड टायर चालतो, थंडीचा असो की उन्हाळ्याचा. 'उन्हाळ्यात हा टायर फटकन फुटेल' असं जे सरसकट म्हणतात तेही बरोबर नाही. थंडीचा टायर आहे म्हणून तो फुटत नाही. टायर फुटतो तो हवा कमी असल्यानं, वजन जास्त असल्यानं, वय झाल्यानं किंवा आधी खड्ड्यात बसून आतली दोरी तुटल्यानं. हवा कमी असली की बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, दुमडण्यानं उष्णता तयार होते, आणि रस्ता आधीच ६० अंशांना तापलेला असला की ती बाहेर पडत नाही. मऊ रबर यात थोडी भर घालतं, पण मूळ कारण ते नव्हे.

धागा काढणाऱ्या गंगथडींचा वापर मात्र वेगळा आहे. तुम्ही संभाजीनगरला जाताना जालन्याहून समृद्धी महामार्गावर चढत असणारच. तिथं मर्यादा १२० ची. सिमेंटचा सरळ रस्ता, दुपारची वेळ, चार माणसं आणि डिकीत सामान. तिथं ब्रेकचं अंतर आणि टायरचं वय या दोन गोष्टींना महत्त्व आहे. मध्यंतरी आरटीओवाले समृद्धीच्या तोंडावर उभं राहून गुळगुळीत टायरवाल्यांना परत पाठवत होते ते उगाच नाही.

तर गंगथडी, दुकानात जाऊन एवढं बघून या आणि इथं लिहा. बाजूवर डीओटी लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे, बहुतेक वेळा लंबगोल चौकटीत. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असू शकतात, म्हणून दोन्हीकडं बघा. मापाच्या पुढं '८८टी' असं काही असेल तेही टिपा. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, टी म्हणजे १९० चा वेग. आणि आयएसआय शिक्का आहे का ते बघा. आपल्याकडं विकायच्या कारच्या नव्या टायरवर तो सक्तीचा आहे.

सगळ्यात महत्त्वाचं: खाचांचा तळ बघा. जुन्या बाजारात गरम पात्यानं खाचा नव्यानं कोरून देतात, वरून काळं पॉलिश. तळाशी आडव्या पट्ट्या असायला हव्यात. त्या मधूनच कापलेल्या दिसल्या तर समजा टायर कोरलेला आहे. अशा टायरच्या खाचेखाली तारांच्या पट्ट्यांवर किती रबर उरलंय हे देवालाच ठाऊक. ट्रकच्या काही टायरांवर 'रीग्रूव्हेबल' लिहिलेलं असतं, त्यांना तळाशी त्यासाठी जास्तीचं रबर दिलेलं असतं. कारच्या टायरला ती सोय नसते.

काळीआई

लातूर तालुक्यातून. शाळा आणि शेती दोन्ही करते, त्यामुळं काळ्या रानाशी रोजची गाठ. टायरमधलं मला फार कळत नाही, चिखलातलं कळतं.

गंगथडी दादा, दुकानदाराचं 'बर्फावर घसरत नाही ते चिखलावर काय घसरणार' हे साफ फसवं आहे. आमच्या मातीचा स्वभाव असा की ओली झाली की ती चाकाला धरून वर येते. पहिल्या वीस पावलांत टायरच्या सगळ्या खाचा बुजतात, आणि मग तुमच्या गाडीला टायर नसून मातीचं गुळगुळीत चाक असतं. मडगार्डमध्ये भरून चाकच जाम होतं ते वेगळं. त्या बारीक चिरा तर पहिल्या फटक्यात लिंपल्या जाणार. ट्रॅक्टरच्या टायरला दोन दातांमध्ये वीतभर मोकळी जागा का असते? माती फेकली जावी म्हणून.

नेकरकाठी

काळीआई ताई, अगदी बरोबर, आणि मी हे लिहायला हवं होतं. बर्फात उलट असतं. तिथं खाचेत बर्फ भरून राहायलाच हवा असतो, कारण बर्फाला बर्फ चांगला धरतो. थंडीच्या टायरच्या त्या चिरा आणि खाचा ताजा बर्फ पकडून ठेवण्यासाठीच असतात. चिखलाच्या टायरचं काम नेमकं विरुद्ध, आलेली माती बाहेर भिरकावायची. एकाच नक्षीकडून दोन्ही होत नाही.

काळीआई

मग माझं सरळ मत. शेताच्या त्या तुकड्यासाठी टायर बदलू नका, रस्ता बदला. चार ट्रॉल्या मुरूम टाका, पाणी जायला कडेनं चर काढा. शेजारच्या शेतकऱ्यांना धरून ग्रामपंचायतीकडून सरकारच्या शेत-पाणंद रस्त्यांच्या योजनेत नाव घाला. वेळ लागतो, चकरा माराव्या लागतात, बांधावरून भांडणंही होतात, पण एकदा झालं की बैलगाडीपासून डिझायरपर्यंत सगळ्यांचं भागतं. तोवर जून ते सप्टेंबर गाडी डांबरीवर लावून चालत जा. आम्ही तेच करतो. चिखलातून कारनं शेतात जायची हौस पुढाऱ्यांना असते, कारण त्यांची गाडी ओढायला मागं ट्रॅक्टर असतो.

मोंढानाका

शेवटच्या वाक्याला +१०००.

मांजराकाठ

अवांतर आहे, पण विषय निघालाच आहे तर विचारतो. जूनमध्ये आम्ही मित्र क्रेटा घेऊन लेह-लडाख करणार आहोत. त्यासाठी विंटर टायर घ्यावेत का?

नेकरकाठी

नको. लातूरहून मनालीपर्यंत जूनच्या उन्हात गाडी हाकायची आणि वर खिंडीत एखाद-दोन तास बर्फ लागेल न लागेल. त्यासाठी सगळा प्रवास चुकीच्या टायरवर का करायचा? चांगल्या खाचांचे साधे टायर, पूर्ण हवा आणि वर रस्ता बंद असेल तर थांबायची तयारी. हिवाळ्यात मनालीच्या पुढं जाणाऱ्यांना चाकाच्या साखळ्या लागतात, त्या तिथं भाड्यानं मिळतात. हिवाळाभर काश्मीर-लाहौलला राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांना हे टायर खरोखर कामाचे.

गंगथडी

आत्ताच जाऊन आलो. मोबाईलची बॅटरी लावून एकेक टायर फिरवून बघितला. दुकानदार आधी चहा पाजत होता, मी खाली बसून आकडे वाचायला लागलो तसा चहा थांबला.

दोन टायरांवर ४११५. एकावर ०९१४. चौथ्याचे आकडे सापडेनात, मग आतल्या बाजूनं पॉलिश पुसलं तेव्हा ४११५ दिसलं. म्हणजे तिघे एका घरचे आणि एक पाहुणा. सगळे ८८टी. आयएसआय कुठंच नाही. खाचांच्या पट्ट्या तीन टायरांवर धड आहेत, पण ०९१४ वाल्यावर एक पट्टी मधोमध चिरलेली आहे. बाजूच्या भिंतीवर, रिमच्या जवळ, केसासारख्या बारीक भेगा चारहींना आहेत. मी दाखवल्या तर म्हणतो, "ते डिझाईन आहे."

मोंढानाका

डिझाईन! काय राव.

रबरवाला

४११५ म्हणजे २०१५ चा ऑक्टोबर. ०९१४ म्हणजे २०१४ च्या फेब्रुवारीचा शेवट. विषय संपला. थंडीचे-उन्हाळ्याचे हा वाद आता बाजूलाच ठेवा. नवे असते तर निदान चर्चा तरी करता आली असती. रबर न वापरताही म्हातारं होतं. हवेतला ओझोन आणि ऊन त्यातला लवचिकपणा खातात आणि त्या केसासारख्या भेगा पडतात. तुम्ही म्हणालात नख रुततं. ते वरच्या पॉलिशमुळंही असू शकतं, काही पॉलिश तेलकट असतात आणि वरचा थर तात्पुरता मऊ करतात. साबणाच्या पाण्यानं धुऊन दुसऱ्या दिवशी दाबून बघितलं असतं तर कळलं असतं. पण आता कशाला?

पट्टी चिरलेला टायर तर रस्त्यावरच यायला नको. दुकानदाराशी भांडत बसू नका, नुसतं उठून या.

शिवारफेरी

हे मात्र मान्य. माझे घेताना मी आकडे बघितले नव्हते, आज बघतो. पण गंगथडीभाऊ, मग करणार काय? २२ हजार आहेत का हातात?

गंगथडी

तोच तर घोळ आहे. सोयाबीनचे पैसे अजून आले नाहीत. १०-११ हजारांची सोय आहे. रिमोल्ड, म्हणजे जुन्याच टायरवर नवं रबर चढवून घेऊ का?

रबरवाला

कारला रिमोल्ड नको. ट्रकवाल्यांचं रिमोल्ड चांगल्या ठिकाणी होतं, त्यांची केसिंग (टायरचा आतला सांगाडा) त्यासाठीच बनवलेली असते, तपासूनच रबर चढवतात. कारच्या टायरचं आपल्याकडं जे गल्लीबोळात होतं त्यावर मी १२० काय, ८० सुद्धा जाणार नाही.

तुमचं काम तेवढ्याच पैशांत होतंय. तुमचे मागचे दोन बरे आहेत म्हणालात ना? त्यांची खाच मोजा. एक रुपयाचं नाणं घालून अंदाज घेणारे आहेत, पण खाच मोजायची पट्टी कुठल्याही अलाइनमेंटवाल्याकडं असते, फुकट मोजून देतो. ३-४ मिमी असेल तर दोनच नवे टायर घ्या. आयएसआयचे, आपल्या देशातल्या उन्हासाठी बनवलेले. नवे दोन मागं बसवा आणि मागचे पुढं आणा. पुढचे जुने टाकून द्या, स्टेपनीलाही ठेवू नका.

बालाघाटी

थांबा थांबा. नवे मागं? डिझायर पुढच्या चाकांनी ओढते. स्टीअरिंग पुढं, सत्तर टक्के ब्रेक पुढं. सगळे मिस्त्री नवे पुढंच घालतात. मी पण पुढंच घालत आलोय.

रबरवाला

हा वाद दर सहा महिन्यांनी होतो, तरी सांगतो. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जायला बघते. तुम्हाला ते स्टीअरिंगमध्ये लगेच कळतं, पाय उचलला की बहुतेक वेळा गाडी परत हातात येते. मागची घसरली तर गाडीचं ढुंगण बाहेर फिरतं, आणि ते कळेपर्यंत गाडी अर्धी आडवी झालेली असते. मांजरसुंब्याच्या घाटात पहिल्या पावसात काय होतं ते तुम्ही बीडवाले रोज बघता. म्हणून जास्त खाच मागं. टायर कंपन्याही हेच सांगतात. पुढं झीज जास्त होते हे खरं, पण त्यासाठी पुढची-मागची अदलाबदल वेळच्या वेळी करत राहायची, म्हणजे चारही बरोबरीनं झिजतात आणि हा प्रश्नच येत नाही.

बालाघाटी

अर्धं पटलं. अर्धं घाटात जाऊन ठरवतो.

काळीआई

नको हो दादा, घाटात जाऊन नका ठरवू.

मांजराकाठ

रबरवाले, एक शंका. आमच्या पेट्रोल पंपावरचा पोरगा सांगतो, उन्हाळ्यात हवा दोन-तीन पॉईंट कमी ठेवा, नाहीतर तापून फुटतो. आणि नायट्रोजन भरा म्हणतो.

रबरवाला

हवा कमी ठेवायचा सल्ला मराठवाड्यातल्या प्रत्येक पंपावर मिळतो आणि तो उलटा आहे. वर लिहिलंय तसं, कमी हवेचा टायर जास्त दुमडतो आणि जास्त तापतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा ठेवा. तो आकडा थंड टायरचा असतो, म्हणून सकाळी, गाडी उभी असताना मोजा. दर ५-६ अंशांना दाब साधारण १ पीएसआयनं (पंपावरचा एक पॉईंट) वाढतो. म्हणजे दुपारी चालवून आल्यावर ३३ चे ३७ दिसले तर ते नैसर्गिक आहे. तेव्हा हवा सोडली की सकाळी ती कमीच असणार, आणि पुढच्या दुपारी तुम्ही कमी हवेवर समृद्धीला लागणार. गाडी भरलेली असेल तर स्टिकरवर त्याचा वेगळा आकडा असतो, तो बघा.

नायट्रोजन भरायला हरकत नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट असेल तर घ्या. त्यासाठी रांगेत उभं राहून मूळ आकडा बघायचं विसरू नका, एवढंच.

गंगथडी

खाच मोजून घेतली. मागच्या दोन्हींची ४ च्या आसपास भरली. दोन नवे ठरवले, १०,८०० मध्ये, बॅलन्सिंग धरून. शोरूमवाल्यानं आधी गेल्याच्या गेल्या वर्षीचा माल काढला होता. मी चार आकडे वाचायला लागलो तेव्हा "तुम्हाला कळतंय होय" म्हणून आतून या वर्षीचे आणले. रबरवाले दादा, तुमचे उपकार.

पण मिस्त्री ऐकायला तयार नाही. म्हणतो, "नवे पुढंच बसवतो, गाडी पुढची चाकं ओढतात, मागं घालून काय बघायचेत?" त्याच्या हाताखाली पन्नास गाड्या जातात, त्याला काय सांगू?

रबरवाला

काही सांगू नका. तो बसवेल तिथं बसवू द्या, मग म्हणा आता पुढचे मागं आणि मागचे पुढं करून दे, त्याचे वेगळे पैसे देतो. पैसे देतो म्हटलं की तत्त्वाचा प्रश्न राहत नाही. फिरायची दिशा दाखवणारा बाण टायरवर असेल तर चाकं एका बाजूची त्याच बाजूला ठेवायला सांगा. आणि बिलावर ते चार आकडे लिहून घ्या, पुढं वॉरंटीला लागतात.

गंगथडी

बाण नाहीये, 'आउटसाईड' लिहिलंय.

रबरवाला

मग ते अक्षर बाहेरून वाचता आलं पाहिजे, चारही बाजूंनी फिरून बघूनच गाडी खाली उतरवा. आमच्याकडं आलेल्या गाड्यांत एक तरी आत घातलेला सापडायचाच.